मूत्रपिंडे आणि शरीराचा समतोल

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा नदी वाहते. नदीच्या पलीकडे महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्हा आणि अलीकडे बेला, जैनथ, तामसी, भीमपूर ह्या मंडलांतील काळ्या जमिनीची व कापसाची गावे, असा हा प्रदेश आहे. येथे तेलुगू आणि गोंडी ह्या भाषांबरोबर मराठीही बोलली जाते. ह्या भागाचे हवामान अतिशय विषम आहे. मे महिन्यात दुपारचे तापमान ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. तर पौष महिन्यात, केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेच्या सुमारास, ते काही वर्षी रात्री ५-६ अंशांपर्यंत उतरते.

ह्या दोन ऋतूंत एकाच माणसाच्या लघवीकडे लक्ष दिले, तर शरीरशास्त्रातील एक महत्त्वाचा धडा घरबसल्या शिकता येतो. थंडीत लघवी वरचेवर होते व ती पाण्यासारखी स्वच्छ असते. उन्हाळ्यात दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसास लघवी थोडी होते व तिचा रंग गडद पिवळा असतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात एवढा फरक पडत असताही, त्या माणसाच्या रक्तातील पाणी व क्षार यांचे प्रमाण दोन्ही ऋतूंत जवळजवळ सारखेच राहते. हे प्रमाण राखण्याचे काम मूत्रपिंडे करतात. मूत्रपिंड म्हणजे केवळ घाण बाहेर टाकणारा अवयव, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. शरीरात काय ठेवावयाचे आणि किती ठेवावयाचे, हे ठरविणे हेच मूत्रपिंडांचे मुख्य कार्य होय.

मूत्रपिंडांची रचना

शालेय पाठ्यपुस्तकांत ज्यास वृक्क म्हटले आहे, तेच मूत्रपिंड. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आश्रयाने, उदराच्या मागील भागात एकेक मूत्रपिंड असते. उजव्या बाजूस वर यकृत असल्यामुळे उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असते. त्याचा आकार घेवड्याच्या बीसारखा, लांबी १० ते १२ सेंटिमीटर आणि वजन साधारणपणे दीडशे ग्रॅम असते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून शरीराच्या वजनाचा दोनशेवा भागही भरत नाहीत. तथापि हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. माणूस स्वस्थ बसलेला असताना दर मिनिटास एक लिटरहून अधिक रक्त मूत्रपिंडांतून फिरून येते. एवढ्या लहान अवयवांना शरीराने एवढा रक्तपुरवठा द्यावा, यावरूनच त्यांच्या कामाचे महत्त्व ध्यानात येते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म घटक असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या आरंभी अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो आणि त्या गुच्छाभोवती पेल्याच्या आकाराचे एक पातळ आवरण असते. विल्यम बोमन ह्या इंग्रज वैद्याने १८४२ मध्ये सूक्ष्मदर्शक यंत्राच्या साहाय्याने गुच्छ व आवरण यांचा संबंध स्पष्ट केला. म्हणून ह्या आवरणास बोमन संपुट असे नाव मिळाले. संपुटापासून एक वळणावळणांची सूक्ष्म नलिका निघते. अशा अनेक नलिका मोठ्या नळ्यांना मिळतात. शेवटी सर्व मूत्र मूत्रवाहिनीतून मूत्राशयात येऊन साठते.

गाळणे आणि परत घेणे

नेफ्रॉनचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा गाळण्याचा. हृदयाच्या दाबाने रक्त गुच्छातून वाहू लागले, की त्यातील पाणी व पाण्यात विरघळलेले बारीक पदार्थ संपुटात झिरपतात. रक्तपेशी आणि प्रथिनांचे मोठे कण मागे रक्तातच राहतात. झिरपलेल्या द्रवात युरिया, युरिक आम्ल, क्रिएटिनिन हे टाकाऊ पदार्थ असतात. परंतु त्याबरोबर साखर, मीठ, अन्य क्षार व भरपूर पाणी हे उपयुक्त पदार्थही असतात. प्रौढ माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांत दिवसाकाठी असा सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. पंधरा लिटरची एक घागर धरली, तर बारा घागरी भरतील एवढा हा द्रव होतो. शरीरातील रक्तद्रव अवघा तीन लिटरच्या आसपास असतो. याचा अर्थ, तोच रक्तद्रव दिवसातून सुमारे साठ वेळा गाळला जातो.

दुसरा टप्पा परत घेण्याचा, आणि खरे कौशल्य ह्या टप्प्यातच आहे. संपुटातील द्रव नलिकेतून पुढे सरकत असताना नलिकेच्या पेशी त्यातील उपयुक्त पदार्थ उचलून पुन्हा रक्तात सोडतात. साखर निरोगी माणसात जवळजवळ सर्वच्या सर्व परत घेतली जाते. गाळलेल्या द्रवात दिवसाकाठी एक किलोहून अधिक मीठ असते. त्यापैकी बाहेर जाते ते फक्त काही ग्रॅम. पाण्याच्या बारा घागरींपैकी लघवीवाटे बाहेर पडते ते एक-दीड लिटर, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. बाकीचे सर्व परत रक्तात जाते.

दिवाळीपूर्वी घर साफ करताना खोलीतील सर्व सामान अंगणात काढतात. नंतर हवे तेवढे पारखून आत नेतात आणि नको ते बाहेरच राहू देतात. मूत्रपिंडांची रीत अशीच आहे. ही रीत वरकरणी खर्चिक वाटेल; परंतु तिच्यात मोठा लाभ आहे. रक्तात एखादा अपरिचित पदार्थ, औषधाचा अंश किंवा काही विषे आली, तर तो बारीक पदार्थ आपोआप द्रवात गाळला जातो. त्यास परत घेणारी यंत्रणाच नलिकेत नसल्यास तो लघवीवाटे निघून जातो. प्रत्येक नव्या पदार्थासाठी शरीराला नवी व्यवस्था करावी लागत नाही.

पाण्याचा हिशेब

शरीरात पाणी येते ते पिण्यातून आणि अन्नातून. ते जाते श्वास, घाम, मल व मूत्र ह्या चार वाटांनी. पहिल्या तीन वाटांवर मूत्रपिंडांची सत्ता नाही. कडक उन्हात कष्टाचे काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. अशा वेळी हिशेब जुळविण्यासाठी चौथी वाट तेवढी उरते.

रक्तातील पाणी थोडेसे घटले, तरी मेंदूतील विशिष्ट पेशींना ते समजते. त्यांच्या प्रेरणेने तहान लागते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात सोडले जाते. हे संप्रेरक मूत्रपिंडांत पोचले, की नलिकांच्या शेवटच्या भागातून अधिक पाणी परत घेतले जाते. लघवी थोडी व घट्ट होते. पाणी पुरेसे पोटात गेले, की संप्रेरक कमी होते आणि लघवी पुन्हा पातळ होते. बंधाऱ्याची दारे पाण्याची पातळी पाहून वरखाली करावीत, तसा हा प्रकार रात्रंदिवस चाललेला असतो.

तथापि ह्या काटकसरीस एक मर्यादा आहे. दररोज तयार होणारे टाकाऊ पदार्थ विरघळून बाहेर जाण्यासाठी किमान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. मूत्रपिंडे पाणी राखू शकतात, निर्माण करू शकत नाहीत. बाहेरून पाणी मिळाले नाही आणि घाम वाहतच राहिला, तर रक्तदाब उतरतो, गाळण्याचे काम मंदावते आणि ज्या नाजूक पेशी पाणी परत घेतात त्यांनाच इजा पोचू लागते. घट्ट लघवीत क्षारांचे खडे धरण्याची शक्यताही वाढते. उष्ण प्रदेशांत मुतखड्याचे प्रमाण अधिक असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

मूत्रपिंडांची इतर कामे

पाण्याबरोबर इतर अनेक घटकांचा समतोल मूत्रपिंडे राखतात. अन्नाच्या पचनातून व देहव्यापारातून सतत आम्ल तयार होत असते. जादा आम्ल मूत्रपिंडे बाहेर टाकतात. पोटॅशियम हा क्षार फळे, भाज्या, डाळी यांतून भरपूर मिळतो. रक्तात त्याचे प्रमाण फार वाढल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊन ते बंदही पडू शकते. हे प्रमाण काटेकोर राखण्याचा मोठा भार मूत्रपिंडांवरच असतो.

रक्तदाब उतरल्यास मूत्रपिंडे रेनिन नावाचा पदार्थ सोडतात. त्यातून सुरू होणाऱ्या क्रियांमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व मीठ अधिक प्रमाणात राखले जाते. मूत्रपिंडांतच तयार होणारे दुसरे एक संप्रेरक हाडांतील मगजास तांबड्या पेशी निर्माण करण्याची आज्ञा देते. सूर्यप्रकाशामुळे त्वचेत तयार झालेले ड जीवनसत्त्व उपयोगात येईल अशा रूपात आणण्याची अखेरची क्रियाही येथेच घडते. म्हणून मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, की रक्तदाब वाढतो, अंगात रक्त कमी होते आणि हाडे दुबळी होतात. लोहाच्या गोळ्या घेऊनही एखाद्या प्रौढ व्यक्तीचा रक्तक्षय हटत नसेल, तर मूत्रपिंडांची तपासणी करून घेणे इष्ट ठरते. आशा कार्यकर्त्यांनी व आरोग्य सेवकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

दुखत नाही म्हणून कळत नाही

मूत्रपिंडांची क्षमता गरजेपेक्षा पुष्कळ अधिक असते. एक मूत्रपिंड दान केलेला निरोगी माणूस उरलेल्या एका मूत्रपिंडावर नेहमीचे जीवन जगू शकतो. परंतु ह्याच मुबलकतेमुळे आजार दीर्घकाळ लपून राहतो. निम्मी क्षमता नष्ट झाली तरी बहुधा कोणतीही वेदना होत नाही. कंबर दुखू लागली की मूत्रपिंड बिघडले, असे अनेकांना वाटते. वास्तविक बहुतेक कंबरदुखी स्नायूंची किंवा मणक्यांची असते. मुतखडा असह्य दुखतो; मूत्रपिंडांचा दीर्घकालीन विकार मात्र बहुधा दुखतच नाही. पायांवर व चेहऱ्यावर सूज, लघवीस फेस, रात्री वरचेवर लघवीस उठावे लागणे, थकवा, मळमळ, अंगास खाज ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा पुष्कळदा बराच उशीर झालेला असतो.

ह्या विकाराची दोन सर्वांत मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. दोन्हींमुळे नेफ्रॉनमधील रक्तवाहिन्यांचे गुच्छ हळूहळू निकामी होतात आणि जे प्रथिन रक्तात राहावयास हवे ते लघवीत उतरू लागते. म्हणून लघवीतील प्रथिनाची व रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी, ह्या दोन साध्या चाचण्यांनी विकाराचा सुगावा लक्षणांच्या कितीतरी आधी लागतो. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने, काहीही त्रास नसला तरी, ह्या चाचण्या वर्षातून एकदा करून घेतल्या पाहिजेत.

काही कारणांनी मूत्रपिंडे अचानकही बंद पडतात. जुलाब-वांत्यांमुळे अंगातील पाणी जाणे हे त्यांपैकी एक. घोणस ह्या विषारी सापाचा दंश हे शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने दुसरे महत्त्वाचे कारण होय. दंशानंतर मांत्रिकाकडे घालविलेला प्रत्येक तास मूत्रपिंडांच्या मुळावर येतो. प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तात्काळ पोचणे हाच उपाय. असा अचानक आलेला बिघाड वेळीच उपचार झाल्यास बहुधा भरून येतो.

तिसरे कारण घराघरांत आढळते. दिवसभराच्या कष्टाने अंग दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेण्याची सवय अनेकांना असते. अंगातील पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडांकडे रक्त नेणारी सूक्ष्म वाहिनी मोकळी राहावी, यासाठी शरीर एक द्रव्य तयार करते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या नेमके तेच द्रव्य तयार होऊ देत नाहीत. उन्हात घाम गाळून, पुरेसे पाणी न पिता, संध्याकाळी अशी गोळी घेणे आणि तसे रोज करणे, म्हणजे मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा दोन बाजूंनी तोडणे होय. घटक अज्ञात असलेली भस्मे व चूर्णेही तितकीच धोक्याची असतात.

उद्दानमचा धडा

२०१४ च्या जून महिन्यापर्यंत आदिलाबाद ज्या आंध्र प्रदेश राज्यात होते, त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम हा नारळ व काजूच्या बागांचा किनारी प्रदेश आहे. तेथील गावांत गेली कित्येक वर्षे मूत्रपिंडांचा विकार फार मोठ्या प्रमाणावर आढळत आला आहे. रुग्णांत शेतकरी व शेतमजूर पुष्कळ आहेत, आणि त्यांतील अनेकांना मधुमेह नाही. पिण्याचे पाणी, जमिनीतील द्रव्ये, कीटकनाशके, उष्णता अशा अनेक कारणांचा शोध घेतला गेला. निर्विवाद असे एकच कारण हाती आलेले नाही. २०२३ मध्ये तेथील पलासा येथे मूत्रपिंड संशोधन केंद्र व दोनशे खाटांचे रुग्णालय सुरू करण्यात आले. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातील शेतकरी आणि मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वादोर ह्या देशांतील ऊसतोड कामगार यांच्यातही असाच विकार दिसून आला आहे.

ह्या ठिकाणांची माती, पाणी व पिके वेगवेगळी आहेत. त्यांच्यात समान दिसते ते उष्ण हवामान आणि उन्हातील अंगमेहनत. वारंवार पाणी तुटल्याने मूत्रपिंडांना थोडी थोडी इजा होत राहते व ती वर्षानुवर्षे साचत जाते, असे अनेक संशोधक मानतात. काही इतर कारणांवर अधिक भर देतात. मध्य अमेरिकेतील काही ऊसमळ्यांत पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती यांची सोय करण्यात आली, तेव्हा मजुरांच्या मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाल्याचे दिसून आले. उद्दानमसारखी स्थिती आदिलाबादेत आहे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु जेथे मे महिन्याचे ऊन इतके प्रखर असते, तेथे हा उपाय अंगीकारण्यास रोगाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाणी, सावली व विश्रांती यांस खर्चही अल्पच येतो.

पाळावयाची दक्षता

उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूची पाने गोळा करणारे, मातीकामावरील मजूर आणि नांगरट करणारे शेतकरी यांनी पहाटे काम सुरू करून दुपारचे ऊन टाळावे. तहान लागेपर्यंत न थांबता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. वयस्क माणसांना तहानेची जाणीव उशिरा होते. त्यांना घरच्यांनी आठवण करून द्यावी. ज्वारीची आंबील आणि ताक ही ह्या भागातील जुनी पेये उत्तम आहेत. त्यांतून पाण्याबरोबर थोडे मीठही मिळते. जुलाब होत असल्यास जलसंजीवनी द्यावी. तिचे पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजावे.

लघवीचा रंग हे प्रत्येकाजवळ असलेले मोजमाप आहे. फिकट पिवळा रंग समाधानकारक, गडद रंग पाणी कमी पडल्याची खूण समजावी. शेतात किंवा कामाच्या ठिकाणी आडोसा नसल्यामुळे अनेक स्त्रिया दिवसभर पाणी पिणेच टाळतात. ग्रामपंचायतींनी व काम चालविणाऱ्यांनी पाण्याच्या रांजणाबरोबर आडोशाचीही व्यवस्था करावी. एकाशिवाय दुसऱ्याचा पुरता उपयोग होत नाही.

ज्यांची मूत्रपिंडे किंवा हृदय आधीच अशक्त आहे, त्यांनी मात्र पाणी, मीठ व फळे यांचे प्रमाण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच ठेवावे. निरोग्यास जे हितकर, ते अशा रुग्णास अपायकारक ठरू शकते.

उपचार आणि त्याची मर्यादा

मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्यास कृत्रिम रक्तशुद्धी, म्हणजे डायलिसिस, किंवा प्रत्यारोपण हे दोनच मार्ग उरतात. विलेम कोल्फ ह्या डच डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, कृत्रिम मूत्रपिंडाचा वापर रुग्णावर प्रथम केला. १९५४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे जुळ्या भावांत पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले, आणि भारतात १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असे यश मिळाले. तेलंगणात आरोग्यश्री व महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांखाली पात्र रुग्णांना डायलिसिसचा लाभ मिळतो. आदिलाबाद येथील राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या शासकीय रुग्णालयात २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. तपासणी व पुढील मार्गदर्शन यांसाठी गावकऱ्यांनी तेथे जावे.

तरीही यंत्राची मर्यादा ओळखली पाहिजे. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास, असे डायलिसिस घेतले तर आठवड्याचे बारा तास रक्त शुद्ध होते. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास काम करतात. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे तीनशे आणि नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. मोठ्या उपचारासाठी तेथे वारंवार जावे लागणाऱ्या कुटुंबाची मजुरी, जमीन व जनावरे हळूहळू त्या वाटेवरच खर्ची पडतात.

मार्च महिन्याचा दुसरा गुरुवार २००६ सालापासून जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे उन्हाळा तोंडावर आलेला असतो तेव्हाच हा दिवस येतो, ही सोयीची गोष्ट आहे. शिक्षकांनी त्या दिवशी वर्गात बारा घागरींचा हिशेब फळ्यावर मांडावा. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन, कोणाला मधुमेह वा रक्तदाब आहे आणि त्यांची लघवी व रक्त शेवटचे केव्हा तपासले, एवढे विचारून यावे. ज्या घरी उत्तर मिळणार नाही, त्या घरच्या माणसास प्राथमिक आरोग्य केंद्राकडे नेण्याचे काम ग्रामपंचायत व आशा कार्यकर्ती यांनी त्याच आठवड्यात हाती घ्यावे.